दहा पैशांचा हिशेब संगणकाला का जमत नाही?

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असत. आम्ही शाळेत जाईपर्यंत ते बरेचसे मागे पडले होते, तरी घरातली वडील माणसे बाजारहाट करताना त्यांचाच आधार घेत. हे अपूर्णांक म्हणजे निम्म्याचे निम्मे करत आलेले. रुपयाचेही तसेच होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. अधेली, पावली, चवली ही नाणीसुद्धा निम्म्यानिम्म्याने लहान होत गेलेली.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण सव्वासहा पैशांचे नाणे कुठून आणणार? म्हणून एका आण्याला सहा नवे पैसे धरले, आणि चार आण्यांना पंचवीस. म्हणजे चार आणे एकदम दिले तर पंचवीस पैसे, आणि एकेक आणा सुटा धरला तर सहा चोक चोवीस. पैसा एकच, पण बेरीज आधी की रूपांतर आधी, यावर उत्तर बदलले. हे उदाहरण लक्षात ठेवावे, पुढे ते उपयोगी पडणार आहे.

हा विषय काढण्याचे कारण मात्र संगणक आहे. उद्यमबागेत आपल्या सभासदांच्या घरोघरी कोणी सीएनसीवर आहे, कोणी डिझाइनमध्ये, कोणी फौंड्रीत, तर कोणी निपाणीच्या वाटेवर हत्तरगीला विमानाच्या सुट्या भागांच्या कामावर. काही मुले पुण्याला आणि बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. या मुलांना विचारावे, की ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तुमच्या प्रोग्रॅममध्ये किती येते? ती हसून सांगतात, ०.३०००००००००००००००४. तिनाच्या मागे पंधरा शून्ये आणि मग एक चार. का, असे विचारले तर म्हणतात, "असंच असतं." आम्ही बँकेत उभा जन्म काढलेली माणसे. पैशाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत लेजर घेऊन बसलेलो. आमचे "असंच असतं" यावर समाधान होणे शक्य नव्हते, म्हणून हा विषय थोडा खोलात जाऊन वाचला.

संगणक सगळे आकडे शून्य आणि एक या दोनच चिन्हांत लिहितो. त्यामुळे अपूर्णांकही त्याला अर्धा, पाव, अर्धपाव, एक आणा, अर्धा आणा अशा निम्म्यानिम्म्यानेच मांडता येतो. त्याच्याकडे अधेली आहे, पावली आहे, चवली आहे. दहा पैसे नाहीत. दहा पैसे करायला तो एक आणा घेतो, त्यात अर्धा आणा टाकतो. झाले ९.३७५ पैसे. मग रुपयाचा २५६ वा भाग टाकतो, ५१२ वा टाकतो. झाले ९.९६ पैसे आणि थोडे. असे कितीही टाकले तरी दहा पुरे होत नाहीत. आपण एकतृतीयांश दशांशात लिहायला गेलो की ०.३३३ असे तीन संपतच नाहीत, तसाच हा प्रकार. जागा संपली की थांबायचे. जुन्या पैशाचा हिशेब या यंत्राला अगदी चोख जमला असता, नव्या पैशाचा नाही. (जुनी पै मात्र त्यालाही जमली नसती, रुपयाच्या १९२ पया, आणि त्यात तीनचा भाग येतो.)

दुसरी अडचण जागेची. शास्त्रज्ञांना एकाच गणितात फार लहान आणि फार मोठे आकडे लागतात. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये लिहायचे तर दशांशचिन्हानंतर तीस शून्ये द्यावी लागतात; सूर्याचे लिहायचे तर दोनावर तीस शून्ये. एवढी घरे प्रत्येक आकड्याला देणे परवडत नाही. मग बॅलन्स शीटच्या कोपऱ्यात आपण "आकडे लाखांत" किंवा "आकडे कोटींत" असे लिहितो, तीच युक्ती वापरतात. महत्त्वाचे अंक एका ठिकाणी, आणि दशांशचिन्ह कुठे आहे ते वेगळ्या ठिकाणी. चिन्ह हवे तसे पुढे-मागे सरकते, म्हणून याला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. ३२ घरांच्या साध्या प्रकारात सुमारे सात अंक टिकतात, ६४ घरांच्या दुप्पट प्रकारात पंधरा-सोळा.

सात अंक म्हणजे काय, हे आमच्या भाषेत सांगतो. साध्या प्रकारात एका खात्यात १,६७,७७,२१६ रुपये शिल्लक आहेत. त्यात एक रुपया जमा केला. शिल्लक किती? १,६७,७७,२१६. पुन्हा एक रुपया भरला, शिल्लक तीच. दिवसभर एकेक रुपया भरत बसले तरी शिल्लक हलत नाही, कारण तो एक रुपया लिहायला घरच उरलेले नाही. तेच दोन रुपये बाहेर एकत्र करून एकदम भरले, तर १,६७,७७,२१८ होतात. आण्यांची गोष्ट इथे पुन्हा आली. शाळेत शिकलो की बेरीज कोणत्याही क्रमाने करा, उत्तर एकच. या यंत्रात ते खरे नाही.

आता आमचा धंदा आठवतो. लेजर जुळत नसे तेव्हा फरक किती आहे ते आम्ही आधी बघत असू. फरकाला नऊने भाग गेला तर बहुधा कोणीतरी ५४ चे ४५ केलेले. फरक सम असेल तर तो अर्धा करून बघायचा, नावेची नोंद जमेला गेली असण्याचा संभव. फरकाची जात ओळखता आली तर तो सापडतो. संगणकाच्या गणितातही हेच काम आहे. फरक राहणारच. तो कुठे राहतो, केवढा राहतो आणि कोणत्या दिशेला साचतो, हे आधी सांगता येणे म्हणजे भरवशाचे गणित.

दिशेला साचणे म्हणजे काय त्याचे उदाहरण कॅनडातले आहे. व्हँकूव्हरच्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये आपला निर्देशांक १००० वर सुरू केला. दिवसात सुमारे तीन हजार वेळा तो नव्याने काढला जाई, आणि दर वेळी तिसऱ्या दशांशानंतरचे अंक सरळ कापून टाकले जात. जवळच्या आकड्यापर्यंत नेले असते तर कधी वर, कधी खाली होऊन फिटंफाट झाली असती. कापले की दर वेळी तोटाच. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४.८११ वर आलेला होता. नव्याने हिशेब केला तेव्हा खरा आकडा निघाला १०९८.८९२. बाजार वर गेलेला, निर्देशांक निम्म्यावर, आणि बावीस महिने हे चालले! ज्यांनी चक्रवाढ व्याजाचे तक्ते हाताने केले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही, पण बाजारातल्या मंडळींना इतके दिवस शंका येऊ नये याचे मात्र वाटते.

दुसरे उदाहरण पैशाचे नाही. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातले धहरान. अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेचे काम येणारे क्षेपणास्त्र हवेतच पाडायचे. तिचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत असे, आणि सेकंद काढायला त्या आकड्याला एकदशांशने गुणत. तोच आपला दहा पैशांचा अपूर्णांक! तो २४ घरांत बसवताना शेपूट कापलेले. एका वेळचा फरक ०.०००००००९५ इतका. पण ती यंत्रणा सुमारे शंभर तास अखंड चालू होती, आणि शंभर तासांत तो फरक ०.३४ सेकंद झाला. स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त जाते, म्हणजे रडार जिथे बघत होते तिथून ते अर्ध्या किलोमीटरहून अधिक दूर. यंत्रणेने त्याला ओळखलेच नाही. ते सैनिकांच्या बराकीवर पडले आणि अठ्ठावीस जण मेले.

याची चौकशी करून अहवाल देणारे कार्यालय आपल्या कॅगसारखे, सरकारी हिशेबतपासणीचे होते, हे आम्हाला विशेष वाटले. आणखी एक गोष्ट अशी, की या दोषाची कल्पना आधीच आली होती आणि सुधारलेला प्रोग्रॅम वाटेवर होता. तो धहरानला पोहोचला २६ तारखेला. त्याआधीही प्रोग्रॅममध्ये वेळेचे गणित काही जागी सुधारलेले होते, बाकी जागी जुनेच राहिले होते. दोन्हीकडे सारखीच चूक असती तर वजाबाकीत ती बरीचशी कटली असती. नावे एका नियमाने आणि जमा दुसऱ्या नियमाने धरली तर खाते जुळणार कसे?

नियम एक असावा, हे पटायला संगणकवाल्यांनाही वेळ लागला. पूर्वी प्रत्येक कंपनीचे यंत्र आपापल्या पद्धतीने अंक कापत असे, त्यामुळे एकच प्रोग्रॅम दोन यंत्रांवर दोन उत्तरे देई. आयबीएमची ३६० मालिका १९६४ साली जाहीर झाली, तिच्यात दुप्पट प्रकारच्या गणिताला हातचा ठेवायला एक जादा घर लागते तेच दिलेले नव्हते. पुढे कंपनीला गिऱ्हाइकांकडे बसवलेली यंत्रेसुद्धा बदलून द्यावी लागली. बर्कले विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम काहान यांनी हा विषय लावून धरला. इंटेलच्या १९८० सालच्या ८०८७ या चिपसाठी त्यांनी सल्ला दिला, आणि त्याच विचारातून १९८५ मध्ये आय-ट्रिपल-ई ७५४ हे मानक आले. काहान यांना १९८९ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. आज तुमच्या खिशातला फोनही याच मानकाने चालतो.

या मानकाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार किंवा वर्गमूळ काढताना यंत्राने आधी पूर्ण अचूक उत्तर काढल्यासारखे वागावे, आणि मग ते एकदाच जवळच्या आकड्याला न्यावे. एकदाच, आणि सर्व यंत्रांवर एकाच नियमाने. उत्तर बरोबर मधोमध पडले तर सम अंकाकडे जायचे. म्हणजे दीडचे दोन, आणि अडीचचेही दोनच. गंमत म्हणजे या पद्धतीला इंग्रजीत "बँकर्स राउंडिंग" म्हणतात. आमच्या अख्ख्या नोकरीत आम्ही ती वापरली नाही! आपल्याकडे पन्नास पैसे आणि त्यावर असले की वरचा रुपया, त्याखाली असले की सोडून द्यायचे, हा नियम. दिवसाच्या थोड्या नोंदींना तो पुरतो, आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगायलाही सोपा. पण अब्जावधी वेळा गणित करायचे असेल तर मधले सगळे वरच गेले, की व्हँकूव्हर उलट्या दिशेने होणार. म्हणून निम्मे वर, निम्मे खाली.

मानकाने आणखी एक चांगली सोय केली. शून्याला शून्याने भागले तर उगाच एखादा आकडा देऊन मोकळे व्हायचे नाही. "हा आकडा नव्हे" अशी खूण त्या जागी बसते आणि पुढच्या गणितात ती तशीच चालत राहते, शेवटपर्यंत. सहीचा संशय असलेल्या चेकवर शेरा मारलेला असावा आणि तो शेरा प्रत्येक टेबलावर दिसावा, तसे.

नियम ठरला, पण चिप तो पाळते हे कसे कळणार? या प्रश्नाचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. हवे तेवढ्या ताकदीचे महासंगणक अमेरिका देईना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर तिचे नेतृत्व करत होते. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. तो एका मोठ्या यंत्राऐवजी अनेक लहान चिप एकत्र जोडून केलेला होता, आणि त्या चिप होत्या ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या टी८०० जातीच्या ट्रान्सप्युटर. परमची कहाणी आपण अभिमानाने सांगतो, पण त्या चिपची कहाणी फारशी कोणी सांगत नाही.

टी८०० मध्ये फ्लोटिंग पॉइंटचे गणित चिपमध्येच होते. ते तपासायचे तर किती जोड्या करून बघणार? साध्या ३२ घरांच्या आकड्यांच्या सगळ्या जोड्या, सेकंदाला एक कोटी या वेगाने तपासल्या, तरी सुमारे ५८ हजार वर्षे लागतील. म्हणून इनमॉस आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी वेगळी वाट धरली. आय-ट्रिपल-ई मानक त्यांनी गणिती भाषेत लिहून काढले आणि चिपमधले गणित त्यातून पायरीपायरीने उतरवले. प्रत्येक पायरी मागच्या पायरीशी जुळते हे त्यांनी भूमितीतल्या प्रमेयासारखे सिद्ध केले. १९९० मध्ये या कामाला ब्रिटनच्या राणीच्या नावाचा तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला.

हे किती मोलाचे होते ते १९९४ मध्ये कळले. इंटेलची पेंटियम चिप भागाकार करताना एका तक्त्यात बघून अंक ठरवत असे, आम्ही व्याजासाठी रेडी रेकनर बघायचो तसे. त्या तक्त्यातल्या पाच घरांत आकडेच भरायचे राहिले होते. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले तर १.३३३८ यायला हवे, ते १.३३३७ येई. अमेरिकेतले गणिताचे एक प्राध्यापक, थॉमस नाइसली, मूळ संख्यांवर काम करताना त्यांचे आकडे जुळेनात. त्यांनी एकेक शक्यता बाजूला काढत शेवटी चिपला पकडले. चिप बदलून देण्यापायी इंटेलने ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकले.

चिप मानक पाळत असली तरी वापरणाऱ्याचे काम संपत नाही, आणि इथे उद्यमबागेतली माणसे बँकवाल्यांपेक्षा शहाणी आहेत. बोअर ५०.०१३ आणि शाफ्ट ४९.९९१ मिलिमीटर असेल तर मधला गाळा ०.०२२. हे दोन्ही आकडे ०.०२ च्या व्हर्निअरने घेऊन वजाबाकी करणाऱ्याला टर्नर हसेल. मोजमाप दोन्हीकडे दोन शतांशांनी हलते, मग उरलेल्या दोन शतांशांना अर्थ काय? तो मायक्रोमीटरवर बोअर गेज लावून घेतो आणि फरकच सरळ डायलवर वाचतो. संगणकातही असेच आहे. सात अंकांच्या गणितात १२३४.५६७ मधून १२३४.५६१ वजा केले, की सातातला एकच अंक हातात राहतो, सहा गेले. जवळजवळ सारख्या दोन आकड्यांची वजाबाकी हा या गणितातला सर्वांत मोठा खड्डा, आणि सूत्र वेगळ्या रीतीने मांडून ती टाळणे हे जाणत्याचे काम.

कास्टिंगच्या सिम्युलेशनमध्ये, रस कुठे आधी गोठेल आणि कुठे पोकळी राहील हे बघायला, साच्याचे लाखो बारीक तुकडे करून क्षणाक्षणाचे तापमान काढतात. मुंबईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांनी ऑटोकास्ट नावाचे सॉफ्टवेअर याच कामासाठी विकसित केले. अशा गणितात बेरजा अगणित, म्हणून अंक कापल्याचा फरक जपावा लागतो. पण आमचे स्पष्ट मत असे, की पडद्यावर दशांशानंतर आठ अंक दिसले म्हणून दडपून जाऊ नये. रसाचे तापमान पायरोमीटरवर पाच-दहा अंशांनी इकडे-तिकडे असते. ते आठ अंक कुठून आले? आपला पॅटर्नमेकर बिडाचे कास्टिंग निवताना मीटरला सुमारे दहा मिलिमीटर आकसणार हे धरूनच मोठ्या मापाची पट्टी वापरतो. फरक किती हे आधी माहीत असले की असे करता येते.

बेरजेतला फरक जपायची काहान यांची १९६५ ची एक रीत आम्हाला फार आवडली, कारण ती आमचीच आहे. मोठ्या बेरजेत लहान आकडा मिळवताना जे शेपूट गळून पडते ते फेकायचे नाही, बाजूच्या रकान्यात ठेवायचे आणि पुढचा आकडा घेताना त्यात धरायचे. मागील पानावरून पुढे! वर सांगितलेल्या खात्यात एकेक रुपया असा भरला असता तर एकही बुडाला नसता.

बँकेची रक्कम फ्लोटिंग पॉइंटमध्ये ठेवत नाहीत, ही खात्री असू द्या. ती दशमान पद्धतीत किंवा पूर्ण पैशांत ठेवतात. २००८ मध्ये मानकातच दशमान फ्लोटिंग पॉइंटही घालण्यात आला. सीएनसीच्या कंट्रोलरमध्येही माप हजारांश मिलिमीटरच्या पूर्ण संख्येत धरण्याची जुनी रीत आहे. म्हणूनच बऱ्याच मशीनवर दशांशचिन्ह विसरून एक्स १०० लिहिले, तर शंभर मिलिमीटरऐवजी शंभर मायक्रॉन धरले जातात.

आपल्या सभासदांपैकी कितीतरी जण सोसायटीचे, भिशीचे, घरचे हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात. त्यांच्यासाठी एक प्रयोग. एका घरात बरोबरचे चिन्ह टाकून, पुढे कंसात ०.५-०.४-०.१ लिहा आणि कंस पुरा करा. शून्य येत नाही, उणे चिन्ह असलेला एक अगदी बारीक आकडा येतो, दशांशानंतर सोळा शून्यांनंतरचा. कंस काढून टाकला तर शून्य दिसते, कारण एक्सेल तिथे तुमच्यासाठी फरक झाकते. म्हणून "जमा आणि खर्च सारखे आहेत का" अशी तपासणी सूत्राने लावली असेल तर दोन्ही बाजूंना आधी राउंड फंक्शनने दोन दशांशांवर आणावे, मग तुलना करावी. नाहीतर दोन्ही रकाने डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसत असताना एक्सेल "नाही" म्हणेल, आणि खजिनदार बिचारा नऊने भाग देत बसेल.